चकलीखालची लिंक

भाजणीच्या चकलीची कृती बघायला जावं, तर पिठात मोहन पडायच्या आधीच ताई सांगतात, ‘सोऱ्याची लिंक खाली दिलीय हं!’ खाली सोऱ्या, कढई, झारा आणि ताईंच्या मैत्रिणीचं पैठण्यांचं ऑनलाइन दुकान. तिकडे डोकवावं, तर पदराशेजारी ताईंचेच मसाले! साटंलोटं म्हणतात ते हेच. लिंकवरून झालेल्या खरेदीत लिंक देणाऱ्यालाही वाटा, ही दलाली अ‍ॅमेझॉनने १९९६ सालीच सुरू केली. लिंक दाबून चोवीस तासांत तुम्ही सोऱ्याऐवजी चपला घेतल्यात, तरी ताईंना वाटा मिळू शकतो. जाहिरात असेल तर तसं ठळक लिहा, असं भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये बजावलंय. ताईंनी लिहिलंयही, हॅशटॅगांच्या गर्दीत, शेवटून दुसरं. तेव्हा वाचकहो, लिंक दाबण्याआधी एकदा माळा बघा. आजीचा पितळी सोऱ्या तिथेच असेल.