कॅटनचा डाव सोमेश्वरनगरात कसा मांडावा

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून भाचा आला आणि त्याच्या बॅगेतून मोठा चौकोनी खोका निघाला, तर घाबरू नये. तो कॅटन. क्लाउस टॉयबर नावाच्या जर्मन गृहस्थाने १९९५ साली हा खेळ बाजारात आणला. त्याचा मूळ धंदा दातांच्या प्रयोगशाळेचा. त्यामुळे खेळात दात-ओठ खाण्याची सोय भरपूर आहे.

पटावर १९ षटकोनी शिवारं, त्यातलं एक पडीक. निघतं काय, तर लाकूड, वीट, लोकर, गहू आणि खनिज. ऊस नाही. हे तात्यांना सुरुवातीलाच सांगून टाकावं. अर्ध्या डावात कळलं तर ते पानाचा डबा उचलून ओसरीवर जातात आणि खेळायला चौघांतला एक कमी पडतो.

वस्ती टाकताना आकडा बघावा. दोन फाशांची बेरीज ज्या शिवाराच्या आकड्याएवढी, तिथं पीक, म्हणजे त्या मालाचा पत्ता हाती. एकूण ३६ शक्यता. त्यात ६ आणि ८ प्रत्येकी पाचदा, २ आणि १२ एकेकदाच. एखादी वहिनी म्हणाली, "बारा माझा लकी नंबर," तर तिला बारावर बसू द्यावं. आग्रहानं बसू द्यावं.

७ मात्र सहादा. तो पडला की दरोडेखोर हलतो. आमच्याकडं त्याला बिबट्या म्हणतात. ज्या रानात तो बसला तिथलं पीक हाती लागत नाही, हा नियम उसाच्या पट्ट्यात कुणाला दोनदा सांगावा लागत नाही. शिवाय ज्याच्या हातात सातांहून जास्त पत्ते, त्यानं निम्मे टाकायचे. साठेबाजावर इतकी तडकाफडकी कारवाई मी दुसरीकडं कुठं पाहिली नाही.

आता देवघेव. इथंच घराचे दोन तट पडतात. भाचा म्हणतो, हा डोक्याचा खेळ. वहिनी म्हणते, नुसता फाशांचा जुगार. मला विचाराल तर खोट तिसरीच आहे. सुरुवातीला कोपऱ्यात अडकलेला माणूस पुढं तासभर दुसऱ्यांचा बाजार बघत बसतो. पुण्यात म्हणे असा माणूस मोबाईल काढतो. आपल्याकडं तो पॅनेल काढतो. स्वतः निवडून येत नाही म्हटल्यावर कुणाला पाडायचं हे ठरवतो, आणि खरी रंगत तिथून सुरू होते. म्हणून आठ गुण झाले की चेहरा पडलेला ठेवावा. दहाला डाव संपतो, पण नऊवाल्याला कुणी वीट विकत नाही.

"तात्या, दोन मेंढ्या घ्या, एक वीट द्या."

"मेंढरं नकोत बाबा. चारायची कुठं?"

मग उरते बँक. ती चार सारखे पत्ते घेऊन एक देते. त्यावर तात्यांचं जे मत आहे, ते बायकापोरांसमोर देता येत नाही.

शेवटची सूचना महत्त्वाची. रात्री साडेदहाला शेतीची लाईट येते. तात्यांना मोटार चालू करायला जावंच लागतं आणि विश्वास कुणावरच नसल्यानं ते पत्ते सदऱ्याच्या खिशात घालून जातात. अशा वेळी पट टोपल्याखाली झाकून सगळ्यांनी झोपावं.

गेल्या दिवाळीत सकाळी धुण्याच्या बादलीत दोन विटा सापडल्या, पार लगदा झालेल्या.

"कच्च्या होत्या," आत्या म्हणाली, आणि सदरा पिळून दोरीवर टाकला.