देवदूताचं कुलमुखत्यारपत्र

'योलांडा अँड द थीफ' (1945) या चित्रपटाची नायिका गडगंज श्रीमंत आहे, कॉन्व्हेंटमध्ये वाढलेली आहे आणि अठरा वर्षांची आहे. निदान कथेत तरी. तिची भूमिका करणारी ल्युसिल ब्रेमर तेव्हा अठ्ठावीसची होती, पण ते सोडा. ही योलांडा बागेत बसून प्रार्थना करते, एक भामटा ती चोरून ऐकतो आणि नंतर तिला फोन करतो: मी तुझा रक्षक देवदूत बोलतोय. बाईसाहेबांचा लगेच विश्वास बसतो. देवदूत सही करायला कुलमुखत्यारपत्र पुढे करतो, तरी हिच्या मनात पाल चुकचुकत नाही!

भामटा आहे फ्रेड अस्टेअर, वय शेहेचाळीस. त्याला नाचताना बघायला लोक तिकीट काढत. इथे अर्धा चित्रपट तो नुसता बोलतो. मग एकदाचा नाचायला उठतो, तर ते स्वप्नात, आणि पंधरा मिनिटं काही ते संपत नाही. त्यात धोबिणी त्याला ओल्या चादरींत गुंडाळतात. दिग्दर्शक व्हिन्सेंट मिनेलींनी रंग मात्र असे उधळलेत, की गोष्ट सापडेनाशी व्हावी. 'कॉफी टाइम' या गाण्यातला लाटांच्या नक्षीच्या फरशीवरचा नाच खरंच बहारदार आहे. पण तोवर बरेच प्रेक्षक घरी पोचले असणार. चित्रपट आपटला. पुढच्याच वर्षी अस्टेअरने निवृत्ती जाहीर केली. ती दोन वर्षांतच मोडली, हे आपलं नशीब.

खरा देवदूतही आहे बरं का. तो शेवटी योलांडा आणि भामटा या जोडप्याला त्यांच्या भावी मुलाबाळांचा फोटोच देऊन टाकतो. पटकथेचं उरलेलं काम फोटोवर भागलं.