पट्ट्यावरची गाळाची रेघ
जुन्या गाड्या विकणाऱ्या लातूरच्या एका शेठना खुलं पत्र

शेठ,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. तक्रार ग्राहक आयोगापुढे आहे, निकाल लागेपर्यंत ते मी छापून आणणार नाही. पण पत्र कुणाला आहे हे तुम्हाला चार ओळींत कळेल. जुलै 2024 मधला रविवार, पावसाची भुरभुर, तुमच्या शेडखाली धुऊनपुसून उभी केलेली पांढरी गाडी. तुम्ही चहा मागवलात आणि म्हणालात, "ताई, डोळे झाकून घ्या. डॉक्टरची गाडी हाय. घरून दवाखाना, दवाखान्यातून घर. बावन्न हजार फिरलेली, सिंगल ओनर."

नंबर एमएच-10 होता, म्हणजे सांगलीचा. माझ्या नवऱ्यानं तुम्हाला तोंडावर विचारलं होतं, "पुरात तर नव्हती ना?" तुम्ही हसलात. "मालक विट्याचे. तिकडं प्यायला पाणी नाही, पूर कुठला?"

हे उत्तर माझ्या डोक्यातून जात नाही. तुम्ही नुसतं "नाही" म्हणाला असता तर आम्ही आणखी दोन प्रश्न विचारले असते. तुम्ही दुष्काळाचं नाव घेतलंत. मराठवाड्यातल्या माणसाला दुष्काळ समजावून सांगावा लागत नाही, त्यावर त्याचा लगेच विश्वास बसतो. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा लातूरकर घागरी घेऊन रांगेत उभे होते. तुम्हीही त्याच शहरात राहत होता. त्या आठवणीचा वापर तुम्ही बुडालेली गाडी खपवायला केलात.

आम्ही गाडी हौसेसाठी घेतली नाही. मी कंधार तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, राहते नांदेडला. लेक लातूरला नीटच्या क्लासला. आठवडाभर मेसचं खाऊन तिचं पोट बिघडायचं, म्हणून दर रविवारी डबा घेऊन जायचं, धुणं आणायचं, तासभर तिच्याजवळ बसायचं. या भागातल्या शेकडो घरांचा रविवार असाच जातो. एसटीनं जाऊन-येऊन दिवस मोडायचा. शिक्षक पतसंस्थेतून कर्ज काढलं आणि तुम्हाला 3 लाख 85 हजार रुपये दिले. तुम्ही रोख मागत होता, मी बँकेतून पाठवले. बिल मागितलं तर म्हणालात, "जुन्या गाडीला कशाचं बिल?" हप्ता अजून दरमहा पगारातून कापला जातो.

27 ऑक्टोबरला, दिवाळीच्या तोंडावर, लेकीला घेऊन आम्ही परत निघालो. अहमदपूर सोडलं. माळेगाव यायच्या आधी सगळे दिवे एकदम गेले. पुढचे, मागचे, काट्यांवरचे सुद्धा. इंजिन बंद पडलं, स्टिअरिंग दगडासारखं जड झालं आणि डॅशबोर्डखालून जळक्या रबराचा वास यायला लागला. मागून ऊस भरलेला ट्रक येत होता. नवऱ्यानं कसंबसं चाक वळवून गाडी मातीत घातली. मी लेकीचा दंड धरून तिला बाहेर ओढलं. तो ट्रक आमच्या शेजारून गेला तेव्हा त्याचा वारा अंगाला लागला, शेठ. ते मी अजून कुणाला नीट सांगू शकले नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

गाडी टोचन करून नांदेडला आणली. आमच्या मिस्त्रीनं बॉनेट उघडलंच नाही. तो मागच्या सीटवर बसला आणि सीटबेल्ट ओढायला लागला. ओढत राहिला, ओढत राहिला. एरवी कुणी पट्टा छातीपुरताच ओढतो. त्यानं शेवटच्या टोकापर्यंत काढला आणि मला म्हणाला, "मॅडम, बोट फिरवा." पट्ट्याच्या शेवटच्या हातभर भागावर राखाडी रेघ होती, पाणी जिथवर चढलं होतं तिथवर. बोटाला बारीक माती लागली. तुम्ही गाडी धुतलीत, सीटला नवी कव्हरं घातलीत, अत्तराची बाटली लावलीत. पण पट्टा शेवटपर्यंत ओढून धुवायला कुणालाच सुचलं नव्हतं. मग त्यानं खालचं कार्पेट उचललं. सीटचे बोल्ट गंजलेले, वायरिंगच्या जोडांवर हिरवा थर, आणि कोपऱ्यात नदीचा गाळ, वाळून भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटलेला.

मी तिथेच मिस्त्रीला थांबवलं. फोटो काढले, व्हिडिओ काढला, आणि तपासणी होईपर्यंत काहीही खोलू नको म्हणून सांगितलं. गाडी दुरुस्त करून मोकळं व्हावं असं वाटत होतं, पण गाडीच्या तक्रारी बहुतेक वेळा इथेच हरतात. ग्राहक रागानं सगळं बदलून घेतो, दोष दाखवायला काही उरत नाही आणि तज्ज्ञाचा अहवाल नसतो.

नंतर कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरवरून गाडीचा इतिहास काढला. ऑगस्ट 2019 चं जॉबकार्ड आहे. त्यात लिहिलंय, पुराच्या पाण्यात बुडाल्यानं टोचन करून आणली. तो सांगली-कोल्हापूरच्या महापुराचा महिना. किलोमीटर 68,340. पाच वर्षांपूर्वी अडुसष्ट हजार फिरलेली गाडी तुमच्याकडे येईपर्यंत बावन्न हजारांवर कशी आली, हे मी तुम्हाला फोनवर विचारलं. तुम्ही तीन गोष्टी बोललात. तिन्ही मी वहीत लिहून ठेवल्या आहेत.

पहिली: "जुन्या गाडीला गॅरंटी नसते, ताई."

गॅरंटी मी मागितलीच नव्हती. क्लचप्लेट गेली असती, बॅटरी बसली असती, टायर घासले असते, तर मी मुकाट्यानं खर्च केला असता. ती जुनेपणाची झीज आहे आणि तिच्यासाठीच नव्या गाडीपेक्षा कमी पैसे दिले जातात. 1930 चा मालविक्री कायदाही सांगतो की जो दोष तपासताना दिसायला हवा होता, त्याची तक्रार नंतर करू नये. ते मला मान्य आहे. पण लपवलेला दोष हा जुनेपणा नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकाची व्याख्या वाचा. मोबदला देऊन वस्तू घेणारा तो ग्राहक. पुन्हा विकण्यासाठी किंवा धंद्यासाठी घेणारा त्यातून वगळला आहे, जुनी वस्तू घेणारा वगळलेला नाही. मालाच्या दर्जाबद्दल खोटं सांगणं ही त्या कायद्यानं अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा.

माझे वडील लालकंधारी बैल पाळायचे. ते मला लहानपणी माळेगावच्या यात्रेत घेऊन जायचे, गाडी बंद पडली तिथून जवळच. बैल घ्यायचा तर आधी दात बघायचे. आदत आहे, दोन दाती आहे, चार दाती आहे की जुळलेला, ते जबडा उघडून कळतं. मग जुंपून बघायचं. आणि बैल विकणारा हेडी स्वतःच्या तोंडानं खोड सांगायचा. हा बसका आहे, हा उजव्या अंगाला ओढतो, हा पोराबाळांना मारतो. वडिलांनी एकदा मारका बैल मारका म्हणूनच घेतला, कमी पैशात, आणि पाच वर्षं नांगराला वापरला. त्यांची काहीच तक्रार नव्हती. त्यांना माहीत असलेली खोड त्यांनी विकत घेतली होती. तुम्ही मला बुडालेली गाडी बुडालेली म्हणून सांगितली असती तर कदाचित कुणी घेतलीही असती, सुटे भाग काढायला. तुम्ही म्हाताऱ्या बैलाचे दात कानशीनं घासून त्याला चार दाती केलंत.

दुसरी गोष्ट: "मी तर मधला माणूस. गाडी सांगलीच्या मालकाची, त्याला विचारा."

असं म्हणायचे दिवस गेले. 1 एप्रिल 2023 पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी वेगळे नियम आले आहेत. विक्रेत्यानं परिवहन कार्यालयाकडून प्राधिकार प्रमाणपत्र घ्यायचं. मालकानं गाडी विक्रेत्याच्या ताब्यात दिली की नमुना 29-सी मध्ये तशी नोंद करायची, आणि तिथून पुढे त्या गाडीचा मानीव मालक विक्रेता. म्हणजे गाडी तुमच्या शेडमध्ये उभी होती तेव्हा कायद्याच्या नजरेत ती तुमचीच असायला हवी होती. तुम्ही मला जुन्या मालकाच्या सह्या केलेले 29 आणि 30 नंबरचे फॉर्म तेवढे दिलेत. 29-सी कुठे आहे?

आणि न्यायालय विक्रेत्याला कसं बघतं याचं उदाहरण गोव्यात आहे. तिथल्या एका ग्राहकानं 2011 सालची नवी गाडी म्हणून पैसे भरले, हाती पडली 2009 ची, सहाशेहून जास्त किलोमीटर आधीच फिरलेली. प्रकरण जिल्हा मंचापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. 18 फेब्रुवारी 2021 ला निकाल लागला. गाडी बनवणारी कंपनी सुटली, कारण विक्रेत्यानं काय केलं हे तिला माहीत असल्याचं दिसत नव्हतं. विक्रेता सुटला नाही.

तिसरी गोष्ट तुम्ही फोन ठेवता ठेवता बोललात. "सही केलीय तुम्ही. आता कुठं जायचं तिथं जा. लातूरला चकरा मारून थकाल."

सहीचं आधी सांगते. "गाडी पाहून, चालवून, पसंत करून घेतली आहे, नंतर कोणतीही तक्रार चालणार नाही," त्या छापील ओळीखाली माझी सही आहे. मी ती नाकारत नाही. पण 1872 च्या करार कायद्यात जाणूनबुजून सत्य लपवणं याला फसवणूक म्हणतात आणि फसवणुकीनं मिळवलेल्या संमतीवर झालेला करार फसवल्या गेलेल्याला रद्द करता येतो. तुमच्या कागदावर तक्रार चालणार नाही असं छापल्यानं आयोगाचं दार बंद होत नाही.

राहिल्या चकरा. 1986 च्या जुन्या कायद्यात मला तुमच्या गावी यावं लागलं असतं. नव्या कायद्याच्या कलम 34 नुसार ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथेच तक्रार दाखल होते. ती नांदेडला दाखल झाली आहे, घटनेपासून दोन वर्षांच्या मुदतीत. मोबदला पाच लाखांच्या आत असल्यानं शुल्क एक रुपयाही लागलं नाही. वकील लावायची सक्ती नाही, मी स्वतः उभी राहणार आहे. तुम्हाला नोटीस मिळाल्यापासून लेखी म्हणणं मांडायला 30 दिवस आहेत, फार तर आणखी 15. त्यापुढे आयोगालाही मुदत वाढवता येत नाही, असं 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं सांगितलं आहे. तक्रार तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाली काढावी असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त लागतात हे मला माहीत आहे, मी थांबेन. निकालाचं पालन केलं नाही तर एक महिना ते तीन वर्षं कैद आहे, किंवा किमान 25 हजार रुपये दंड.

माझी मागणी तुम्हाला नोटिशीत कळवली आहे. 3 लाख 85 हजार रुपये व्याजासह, टोचनाचा आणि तपासणीचा खर्च, आणि गाडी तुम्ही परत न्यायची. पण नेऊन ती पुन्हा पुसून शेडखाली उभी करायची नाही, हेही मी आयोगाकडे मागितलं आहे. तुमच्याकडे पुढच्या रविवारी कुणीतरी येईल, अहमदपूरहून, उदगीरहून, लोह्याहून. त्याच्याही घरी लातूरला शिकणारं लेकरू असेल.

लेक आता एसटीनं येते-जाते. डबा मी वाहकाजवळ देते.

नांदेडला याल तेव्हा तुम्हाला त्याच रस्त्यानं यावं लागेल. चाकूर, शिरूर ताजबंद, अहमदपूर. माळेगावच्या अलीकडे डाव्या अंगाला मातीत एक खोल चाकोरी होती, पावसानं बुजली असेल. येताना प्राधिकार प्रमाणपत्र आणा, 29-सी आणा. आणि विट्याच्या त्या डॉक्टरांचं नाव घेऊन या.

कंधार तालुक्यातली एक शिक्षिका