न वाचण्याची विद्या

आलेला मेल वाचणे कुणालाही जमते. तो वाचावा लागू नये अशी व्यवस्था लावणे, ही मात्र विद्या आहे.

लिनक्स कर्नलची मेलिंग लिस्ट घ्या. तिचे वर्गणीदार झाले की दिवसाला शेकडो मेल येऊन पडतात. कोत्या मनाची माणसे अशा वेळी लिस्ट सोडतात. सोडणे सोपे व्हावे म्हणून १९९८ साली आरएफसी २३६९ या इंटरनेटच्या नियमपत्राने मेलच्या माथ्यावर 'लिस्ट-अनसबस्क्राइब' ही ओळ घालण्याची रीत घालून दिली. साधकांनी तिचा खरा उपयोग ओळखला: ओळ दिसली की मेल लिस्टचा, टाक फोल्डरात. बाहेर पडायच्या दारावर त्यांनी पिशव्या अडकवायला खुंटी ठोकली.

२००१मध्ये आरएफसी २९१९ने 'लिस्ट-आयडी' आणली. आता एका ओळीचा, सहसा न चुकणारा नियम पुरेसा होता. विद्वानांना तो रुचला नाही, हे ओघानेच आले. त्यांचा भरवसा प्रॉकमेलवर. स्टीफन व्हॅन डेन बर्ग यांनी १९९०मध्ये केलेल्या, मेल फोल्डरांत लावणाऱ्या या प्रोग्रॅमात नियमाला रेसिपी म्हणतात आणि तिची अट रेगेक्समध्ये, म्हणजे अक्षरांच्या साच्यांच्या भाषेत लिहितात. पुष्कळ लिस्टांचे नाव विषयात चौकटी कंसात येते. समजा, ते 'लिनक्स' आहे. साधक ते कंसासकट नियमात उतरवतो. रेगेक्समध्ये चौकटी कंस म्हणजे 'यांपैकी कोणतेही एक अक्षर'. एल, आय, एन, यू, एक्स यांतले एक जरी विषयात सापडले तरी मेल पात्र! 'इलेक्ट्रिसिटी बिल' पात्र, शाळेची 'नोटीस' पात्र, साहेबांचे 'अर्जंट'ही पात्र. देवनागरी विषय तर जवळजवळ हमखास. तो वाटेत सांकेतिक रूप घेतो, आरंभी 'यूटीएफ-८' लावून. प्रॉकमेल ते रूप उलगडत नाही आणि एरवी लहान-मोठ्या अक्षरांत भेदही करत नाही. त्यातला 'यू' पुरतो. मावसबहिणीच्या लग्नाचे आमंत्रण कर्नलच्या पॅचशेजारी सुखाने नांदते. एवढी समदृष्टी संतांनंतर प्रथमच.

काही करंटे म्हणतात, नियम चुकतात. पुरावा काय? प्रॉकमेल वरून खाली जातो आणि पोच करणारा पहिला नियम जुळला की थांबतो. खालच्या नियमांना कामच पडत नाही, त्यामुळे त्यांच्या हातून चूक होण्याचा प्रश्न येत नाही. वरच्याबद्दलही तक्रार नाही. तक्रारीचे मेल तोच फोल्डरात नेऊन ठेवतो.

या विद्येने लिस्टवरची चर्चाही जिवंत राहते. काल ज्याचे सविस्तर उत्तर आले, तो प्रश्न साधक आज निर्मळ मनाने विचारतो. कुणी सज्जन पुन्हा उत्तर देतो. नियम ते अचूक उचलून कालच्या उत्तरावर रचतो. उत्तर येत नाही म्हणून साधक एक स्मरणपत्र धाडतो, आणि लिस्टवर हल्ली फार गर्दी होते म्हणून आणखी एक नियम लिहायला बसतो.