सत्तेचाळीस नंबर कुठंय?

संध्याकाळी एक शेळी कमी आहे हे कळायला गुराख्याला ॲप लागत नाही. तो गोठ्याच्या दाराशी उभा राहतो, पुटपुटत मोजतो आणि एखादी कमी भरली तर भाकरी ताटात तशीच ठेवून पुन्हा डोंगराकडे वळतो. डोंगरात माउंटन बाइकच्या लांब पल्ल्याच्या शर्यती भरवणाऱ्या उत्साही मंडळींना माझं एवढंच सांगणं आहे : ड्रोन नंतर उडवा, आधी हा माणूस नोकरीला ठेवा.

हे शहाणपण मला पुस्तकातून आलेलं नाही. गेल्या हिवाळ्यात भाच्याच्या आग्रहाखातर सह्याद्रीतल्या अशाच एका शर्यतीत मी स्वयंसेवक झालो. गुडघ्यांनी सायकल सोडली की माणूस सायकलवाल्यांची सेवा करतो, तसंच.

सुरुवात पहाटे सहाची होती. म्हणजे पत्रिकेत होती. सहा वाजता मैदानावर हवा भरलेली कमान, डीजे, झुंबा शिकवणारी ताई आणि थंडीत कुडकुडणारे शंभरेक रायडर हजर होते. प्रमुख पाहुणे नव्हते. ते सहा पन्नासला आले. त्यांनी झेंडा दाखवला. फोटो नीट आला नाही म्हणून पुन्हा दाखवला. पहिल्या झेंड्याला निघून गेलेल्या चौघांना हाका मारमारून परत आणावं लागलं.

हे हसण्यावारी नेता येतं, पण डोंगरातल्या शर्यतीत सकाळचा गारवा हा सगळ्यात महाग माल असतो. त्यातली पन्नास मिनिटं स्टेजने खाल्ली. पहिल्या नंबराला त्याने काही फरक पडत नाही, तो अकराला घरी असतो. पण शेवटचा गडी त्या पन्नास मिनिटांमुळे भर दुपारी झाड नसलेल्या सड्यावर सापडतो. उशीर पाहुण्यांचा आणि ऊन त्याच्या टाळक्यावर.

त्याआधी फॉर्म. ‘मी स्वेच्छेने भाग घेत असून इजा, अपंगत्व वा मृत्यू आल्यास आयोजक जबाबदार नाहीत’ हे सांगायला दोन पानं. वाटेत पाणी कुठे, उतार कुठे, फोनची रेंज कुठे जाते, हे सांगायला अर्धं पान, त्यातही निम्म्या जागेत प्रायोजकांचे लोगो. आपण कसं वाचवणार यापेक्षा आपण कसे सुटणार यावर जास्त विचार झालेला दिसत होता.

माझ्याकडे तीन नंबरचा चेकपॉइंट आला. सोबत दिलेलं साहित्य : केळ्यांचे दोन घड, चिक्की, ओआरएसची पाकिटं, बारा बाय आठचा फ्लेक्स, दोनशे पानी वही आणि न चालणारं पेन. प्रथमोपचाराची पेटी मागितली तर एक दुखण्यावरचा स्प्रे मिळाला. फ्लेक्स बांधायला मात्र चारही कोपऱ्यांना नव्या कोऱ्या दोऱ्या होत्या.

दोन नंबरवरून निरोप आला : ८६ रायडर पुढे सोडले. माझ्या वहीत खुणा भरत गेल्या. कोणाचं कोपर सोललेलं, कोणाची ब्रेक दाबून दाबून बोटं आखडलेली, एकाने तर केळं सालासकट तोंडात घातलं. साडेबाराला खुणा मोजल्या. ८५. पुन्हा मोजल्या. ८५. ४७ नंबर नव्हता.

रेंज एका आंब्याखालच्या दगडावर चढलं की यायची. चढलो. कंट्रोल रूमला फोन लावला.

“काका, टेन्शन नका घेऊ. आला असेल.”

“आला असेल म्हणजे? माझ्याकडे आलेला नाही.”

“मग सोडली असेल.”

या ‘असेल’वर आपल्याकडे बरंच काही चालतं. पूल मजबूत असेल, लायसन असेल, डॉक्टर असेल. पण एखादा माणूस डोंगरात आहे की घरी, हे ‘असेल’वर सोडलं की त्याची किंमत काय होते, हे जगाने अलीकडेच दोनदा पाहिलं आहे.

सप्टेंबर २०२४. झ्युरिकमध्ये सायकलिंगची जागतिक रोड स्पर्धा. मुरिएल फुरर ही १८ वर्षांची स्विस मुलगी ज्युनियर गटात, पावसात, रस्त्यालगतच्या झाडीत पडली. बराच वेळ कोणाच्या लक्षातच आलं नाही. दुसऱ्या दिवशी ती गेली. घड्याळांच्या देशात, शहरालगत, जगज्जेतेपदाच्या शर्यतीत एक मुलगी आलेली नाही हे वेळेत मोजलं गेलं नाही. रायडरच्या कानात रेडिओ नव्हता.

मग सगळे शहाणे झाले का? छे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये महिलांच्या ‘तूर द रोमांदी’ शर्यतीत जीपीएस ट्रॅकरची चाचणी ठरली. प्रत्येक संघातल्या फक्त एका रायडरने तो लावायचा होता. तो कोणी लावायचा हे कोण ठरवणार, यावर भांडण जुंपलं आणि पाच संघ शर्यत सुरू होण्याआधीच बाहेर गेले. लग्नात मानाच्या फेट्यावरून रुसणारी मंडळी फक्त आपल्याकडेच असतात, हा आपला गैरसमज आहे. पुढच्याच महिन्यात किगालीच्या जागतिक स्पर्धेत मात्र सगळ्यांना ट्रॅकर लागले. एका वर्षात एवढं झालं हेही नसे थोडकं.

दुसरी गोष्ट सायकलची नाही, धावण्याची आहे. पण डोंगराला ते कळत नाही. २२ मे २०२१, चीनचा गान्सू प्रांत, १०० किलोमीटरची शर्यत, १७२ धावपटू. वरच्या टप्प्यात वारा, गारा आणि गोठवणारा पाऊस. २१ जण गेले. वारा अडवणारं जाकीट न्यायचं असं सुचवलं होतं, सक्तीच्या यादीत ते नव्हतं. आणि सहा जणांना वाचवलं कोणी? एका मेंढपाळाने. पावसामुळे तो आपल्या नेहमीच्या गुहेत थांबला होता. कुडकुडणारी माणसं दिसली, त्यांना आत घेतलं, शेकोटी पेटवली. त्याच्या गळ्यात ना मार्शलचं ओळखपत्र होतं ना हातात वॉकीटॉकी.

म्हणजे गुराख्याची माझी शिफारस अगदीच हवेतली नाही.

बरं, नीट करणारे करतात. दक्षिण आफ्रिकेत २००४ पासून ‘केप एपिक’ ही आठ दिवसांची माउंटन बाइक शर्यत होते. तिथे एकट्याला प्रवेश नाही, दोघांची जोडी लागते, आणि दोघांत दोन मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडलं की दंड. शाळेच्या सहलीत बाई सांगायच्या ना, ‘जोडीदाराचा हात सोडायचा नाही’? तेच, फक्त हातात हॅंडल. नियम साधा आहे, पण त्यामुळे दरीत पडलेल्याची खबर द्यायला दुसरा कोणीतरी दोन मिनिटांच्या अंतरावर असतो.

अमेरिकेत कोलोराडोतल्या लेडव्हिल गावात १९९४ पासून १०० मैलांची शर्यत आहे. गावच तीन हजार मीटरच्या वर. बारा तासांत आलात तर कमरेच्या पट्ट्याचं चांदीचं बक्कल. पण वाटेतल्या ठरावीक ठिकाणी ठरावीक वेळेत पोचला नाहीत तर तिथेच थांबवतात. रडा, हातापाया पडा, घड्याळ ऐकत नाही. कट-ऑफ हा शेवटच्या रायडरचा अपमान नसून त्याचा विमा आहे, हे तिथे कळलेलं आहे. आपल्याकडे कट-ऑफ ओलांडलेल्याला थांबवायला गेलो तर आयोजकच म्हणाले, “जाऊ दे काका, पैसे भरलेत त्याने. करू दे पूर्ण.” जणू मामला थाळीचा आहे, पैसे भरलेत तर जिलबीही खाऊन जा.

बाणांचं तर विचारूच नका. सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत धोक्याच्या जागी खाली तोंड केलेले बाण लावतात. एक बाण म्हणजे जपून, दोन म्हणजे जास्त जपून, तीन म्हणजे देवाचं नाव घ्या. अडथळ्याच्या आधी लावायचे आणि अडथळ्यापाशी पुन्हा. आमच्याकडे फक्कीने बाण काढले होते. ते दवात विरघळले. रिबिनी बांधल्या होत्या, त्यातल्या खालच्या शेळ्यांनी खाल्ल्या आणि वरच्या पोरांनी सायकलला लावल्या. एका फाट्यावर मात्र ठसठशीत लाल बाण होता. त्यावर विसंबून दोन रायडर गेले ते थेट लग्नाच्या मांडवात. बाण त्यांचा नव्हता, चि. आणि चि. सौ. कां. यांचा होता. दोघांना आग्रहाने बसवून मठ्ठा पाजला. शर्यतीतलं त्या दिवशीचं सर्वोत्तम हायड्रेशन म्हणून मी त्याची नोंद वहीत केली आहे.

ॲम्ब्युलन्सही होती. स्टेजच्या मागे, पाहुण्यांच्या तीन गाड्यांनी नीट कोंडलेली. तिच्यापाशी सकाळपासून एकच रुग्ण आला, गावातली एक आजी. गुडघा दाखवायला. “वरीसभर वाट बघतो बाबा, तुमची सर्कस आली की डाक्टर येतो,” असं ती म्हणाली. डॉक्टरने तिला गोळ्या दिल्या. शर्यतीच्या सुरक्षाव्यवस्थेची ती एकमेव लाभार्थी. पायवाटेवर मांडीचं हाड मोडलेल्या माणसापर्यंत ही गाडी कशी जाणार, असं मी विचारलं तर उत्तर मिळालं, “स्ट्रेचर आहे ना!” स्ट्रेचर होतं. ते उचलून उतरवायला लागणारे सहा-आठ दमदार खांदे मात्र कोणाच्याच यादीत नव्हते. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारखी मंडळी वर्षानुवर्षं कड्याकपारीतून माणसं काढतात, तीही पदरमोड करून. त्यांना दोन महिने आधी बोलवून वाट दाखवावी, असं कोणाला सुचत नाही. त्यांची आठवण येते ती अंधार पडल्यावर.

तर ४७ नंबर.

कंट्रोल रूमने शेवटी त्याचा फॉर्म काढून बघितला. ‘आणीबाणीत कोणाला कळवावे’ यापुढे पठ्ठ्याने स्वतःचाच नंबर लिहिला होता. त्यावर फोन लावला, तर रिंग स्टेजमागच्या सामानाच्या ढिगातून वाजली. मग पळापळ. दोन मार्शल मोटारसायकलवर उलटे निघाले, त्यातल्या एकाचं टायर पंक्चर. मी काठी घेऊन ओढ्याच्या कडेने निघालो. प्रत्येक वळणावर खाली डोकवायचं, हाक मारायची, थांबायचं. तुम्ही कधी दरीत तोंड करून आकड्याला हाक मारली आहे का? “सत्तेचाळीऽऽस!” फॉर्मवरचं नाव बघायचं कोणाला सुचलं नव्हतं. एका घळीत काहीतरी निळं दिसलं आणि पोटात गोळा आला. खाली उतरून पाहिलं तर खताची रिकामी गोणी होती. वर चढून आलो तेव्हा पाय थरथरत होते, ते चढामुळे नव्हते.

पावणेचारच्या सुमाराला एक गुराखी भेटला. साठीचा, खांद्यावर घोंगडं.

“काय हुडकताय?”

“एक सायकलवाला. सत्तेचाळीस नंबर.”

“निळ्या टोपीचं, उंच पोरगं? त्यो गेला की सकाळीच. चेन तुटली म्हणाला. केळ्याच्या टेंपोत सायकल टाकून खाली गेला. आन तुमची आणिक तिघं टाकीकडं भरकटली हुती, त्यास्नी मी वळवून लावलं.”

वळवलं! गुरं वळतात तसं. माझ्या दोनशे पानी वहीला, कंट्रोल रूमला आणि वर भिरभिरणाऱ्या ड्रोनला जे कळलं नव्हतं, ते या माणसाला एका दगडावर बसून कळलं होतं. आणि तो केळ्यांचा टेम्पो कोणाचा? आयोजकांचाच. माल वर टाकून रिकामा खाली चालला होता. ड्रायव्हरला विचारलं, “अरे, सांगितलं का नाहीस?” तो म्हणाला, “मला कोणी इचारलंच न्हाई.” बरोबरच आहे. शर्यत सोडणाऱ्याने कोणाला सांगायचं हे ४७ नंबरला कोणी सांगितलं नव्हतं, आणि सोडलेल्याला आणणाऱ्याने कुठे कळवायचं हे ड्रायव्हरला. आम्ही दऱ्या धुंडाळत होतो तेव्हा तो गडी तालुक्याच्या गावी मिसळ खाऊन, घरी जाऊन, आंघोळ करून झोपला होता. झोपलेला सापडला, याचा मला मनापासून आनंद झाला. पण तो घरी झोपला होता आणि ओढ्यात पडला नव्हता, यात आमचं कर्तृत्व शून्य होतं. तो ओढ्यात असता तरी आम्ही तेवढ्याच उशिरा आणि तेवढ्याच आंधळेपणाने पोचलो असतो.

म्हणून पुढच्या वेळी नोंदणी करताना टी-शर्टचा साइज सांगण्याआधी एकच विचारा : शेवटच्या माणसाच्या मागे कोण असतं? उत्तर नावानिशी आलं तर जा. ‘असतं हो कोणीतरी’ असं आलं तर त्या रविवारी मिसळ खायला जा.

चार दिवसांनी भाच्याने फोन पुढे केला. ४७ नंबरने समाजमाध्यमावर रंगीत प्रमाणपत्र टाकलं होतं : ‘खडतर शर्यत यशस्वीरीत्या पूर्ण केल्याबद्दल.’ खाली अभिनंदनाचा पाऊस. मला वाटलं, चुकून गेलं असेल. चौकशी केली. चूक नव्हती. जे मांडवात मठ्ठा पीत बसले त्यांनाही आलं होतं. जे त्या दिवशी उठलेच नाहीत त्यांनाही आलं होतं.

शुल्क भरलेले ११४. प्रमाणपत्रं ११४. हिशेब चोख.