प्रूफ

छापखाना बंद पडला तेव्हा माझ्याकडे दोनच गोष्टी उरल्या. एक लाल पेन आणि दुसरी रात्री जागायची सवय. लाल पेनाला गिऱ्हाईक मिळेना, जागरणाला मिळालं. पस्तीस वर्षं प्रूफं तपासलेला मी ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका टोलेजंग संकुलात सिक्युरिटी गार्ड झालो. वय 58, छाती 34, पोट 38. एजन्सीनं दिलेला शर्ट यांपैकी एकाही आकड्याची भीड न ठेवता शिवला होता.

2005 सालचा एक कायदा आहे. त्याखालच्या नियमांनुसार खासगी सुरक्षारक्षकाला 100 तास वर्गात आणि 60 तास प्रत्यक्ष कामावर प्रशिक्षण द्यावं लागतं. माझं प्रशिक्षण सुपरवायझरनं गेटवर उभ्या उभ्या उरकलं. "काका, गाडी आली की उठायचं. सेक्रेटरी आले की सलाम मारायचा. झोप आली तर कॅमेऱ्याकडे तोंड करून घ्यायची नाही." 160 तास चार मिनिटांत संपले.

खरी काळजी घरी, डोंबिवलीत सुरू झाली.

"आणि कुणी अंगावर आलंच तर?" हिनं विचारलं.

"कोण येणार?"

"बिबट्या!"

यात तिची चूक नव्हती. येऊरचं जंगल आमच्या संकुलाला एवढं लागून आहे, की बिल्डरनं 'निसर्गाच्या कुशीत' असं छापलं होतं. निसर्गाचं मत त्यानं विचारलं नव्हतं. 20 फेब्रुवारी 2019च्या पहाटे ठाण्यातल्या कोरम मॉलमध्ये बिबट्या शिरला होता. तिथून निघून तो जवळच्या एका हॉटेलात गेला आणि शेवटी तिथे पकडला गेला. मॉल झाल्यावर हॉटेल, म्हणजे रविवारचा कार्यक्रम आपल्यासारखाच. पुढे 2022च्या नोव्हेंबरात कल्याण पूर्वेला चिंचपाड्याच्या एका इमारतीत बिबट्या घुसला. ठाण्यातले भाव न परवडून बिबट्यांनीही कल्याणकडे जागा बघायला सुरुवात केली असावी.

थट्टा इथपर्यंत ठीक. 2025च्या नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडचे लोक गळ्यात टोकदार खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जात असल्याची बातमी आली, तेव्हा आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही. मग ही उठली आणि म्हणाली, "चिलखत घ्या. महाराजांनी नव्हतं घातलं?"

10 नोव्हेंबर 1659ला प्रतापगडाच्या पायथ्याशी महाराजांसमोर अफजलखान होता. माझ्यासमोर सी विंगच्या चौथ्या मजल्यावरचे एक गृहस्थ असतात. रोज रात्री मी त्यांना विचारतो, "कुणाकडे जायचंय?" ते रोज म्हणतात, "मी इथेच राहतो!" आजवर एवढीच चकमक झाली आहे. पण घरात महाराजांचं उदाहरण निघालं, की वाद संपतो.

मेहुणा म्हणाला, "उल्हासनगरला चला, तिथे सगळं मिळतं." मिळतंच. एका दुकानात शिट्ट्या, पट्टे, टोप्या, लाठ्या आणि बुजगावण्यासारखं अंग ताठ करून टांगलेलं एक जॅकेट. आत शिवलेल्या चिठ्ठीवर 'मेड इन यूएसए'. उल्हासनगरात या तीन अक्षरांचा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा लावतात, हे कल्याणपासून कर्जतपर्यंत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

"गोळी थांबेल?" मी विचारलं.

"थांबेल ना."

"कुठली?"

"तुम्हाला कुठली पाहिजे?"

मी गप्प झालो. आजवर कुठली गोळी खायची हे डॉक्टरच सांगत आले होते. पण सवय वाईट. मी घरून वाचून गेलो होतो. या जॅकेटांसाठी भारतीय मानक ब्यूरोचं 2018 सालचं आयएस 17051 हे मानक आहे आणि त्यात धोक्यानुसार पायऱ्या पाडल्या आहेत.

"रायफलची गोळी?"

"त्याला आत प्लेट घालावी लागते. प्लेट वेगळी."

"सुरा?"

"सुऱ्याचं जॅकेट वेगळं असतं, काका." हे मात्र तो खरं बोलला. गोळी अडवणाऱ्या मऊ जॅकेटातून सुऱ्याचं टोक आत जाऊ शकतं.

"बिबट्या?"

त्यानं मेहुण्याकडे बघितलं. मेहुण्यानं शिट्ट्यांकडे बघितलं.

तरी चढवून पाहिलं. आरशात मी झाकण लावलेल्या गॅस सिलिंडरसारखा दिसत होतो. वजनानं खांदे खाली आले. आपले जवान सतरा-सतरा किलोंची जॅकेटं घालून डोंगर चढले आहेत. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं त्यांच्यासाठी 'भाभा कवच' तयार केलं, त्याचं वजन साडेसहा किलोंच्या आसपास आणलं. मी मात्र डाळ-तांदळाची पिशवी तिसऱ्या मजल्यावर नेताना दोनदा थांबतो. शिवाय रंग लष्करी ठिपक्यांचा. खासगी गार्डनं लष्कराच्या किंवा पोलिसांच्या गणवेशासारखा पोशाख घातला, तर त्याच 2005च्या कायद्यात तुरुंगाची तरतूद आहे. म्हणजे छाती वाचणार आणि बाकीचा मी आत जाणार.

किंमत दीड महिन्याच्या पगाराएवढी. मेहुणा घासाघीस करू लागला. मी सवयीनं आतली चिठ्ठी वाचायला घेतली. यूएसएच्या खाली, अमेरिकेत सहसा न छापली जाणारी एक देवनागरी ओळ होती: 'बुलेट प्रुफ'.

प्रुफ! पहिला उकार!

मी जॅकेट काढून काउंटरवर ठेवलं. ज्याला प्रूफमधला ऊ दीर्घ लिहिता येत नाही, त्याच्या प्रूफवर मी छाती कशी टेकवू? मेहुणा म्हणाला, "भावजी, गोळीला शुद्धलेखन कळत नाही." असेल. पण त्याच्या आधी ते मला कळतं. आम्ही एक शिट्टी घेऊन परत आलो.

हिला सगळं सांगितलं. ही काही बोलली नाही. ट्रंकेतून सासूबाईंची दोन जुनी नऊवारी लुगडी काढली, माझा एक फाटका कोट काढला आणि आठवडाभर दुपारी टाके घालत बसली. शेवटी तयार झाली ती बिनबाह्यांची गोधडी. हसू नका. गोळी अडवणाऱ्या जॅकेटातलं केव्हलार तरी दुसरं काय आहे? 1965 साली ड्यूपाँ कंपनीत स्टेफनी क्वोलेक या बाईंना हा धागा सापडला तो गाड्यांच्या टायरसाठी हलका, मजबूत धागा शोधताना. त्याचं कापड विणायचं, थरावर थर ठेवायचे. गोळी एकेका थरात अडकत दमते आणि तिचा धक्का पसरून जातो. लोखंडी कड्यांचं चिलखत परवडणारे थोडे. बाकीचे जुने लढवय्ये कापूस भरलेल्या जाड डगल्यावरच भिस्त ठेवत. तेव्हा परंपरा आमच्या बाजूनं आहे, मानक ब्यूरो नसेना का.

ती गोधडी शर्टाच्या आत घालून मी रात्री डोंबिवलीहून ठाण्याला येतो. गर्दी उलट्या दिशेला असते, त्यामुळे गाडीत बसायला मिळतं. रात्रपाळी देऊन एजन्सीनं फुकट दिलेलं चिलखत एवढंच. गेटवर खुर्चीचा चौथा पाय विटेचा आहे. डिसेंबरात येऊरवरून वारा सुटतो, तेव्हा पाठीला सासूबाईंचा उबदार आधार असतो. हयातीत तो एवढा कधी जाणवला नव्हता.

रात्री दोननंतर गाड्या थांबतात. तेव्हा वाटतं, मी नोकरी बदललीच नाही. प्रूफं तपासणारा हजार चुका अडवतो, त्याची पुस्तकात कुठे नोंद नसते. एक चूक सुटली, की लेखकापासून मालकापर्यंत सगळे विचारतात, "प्रूफं कुणी पाहिली?" इथेही आत न आलेल्या चोरांचा हिशेब कुणी ठेवत नाही. आत आलेल्या एका मांजराबद्दल मात्र सोसायटीनं मला लेखी विचारणा केली आहे. तिच्यात तीन चुका होत्या.

पहाटे रजिस्टर उघडतो. दिवसाच्या गार्डनं आधीच्या पानावर लिहिलेलं असतं, 'सर्व ठिक.' खिशातून लाल पेन काढतो, ठि खोडून ठी करतो, समासात खूण करतो आणि खाली माझी ओळ लिहितो: 'रात्री 8 ते सकाळी 8. सर्व ठीक.'

सुपरवायझरनं परवा तक्रार केली की रजिस्टर शाळेच्या वहीसारखं दिसतं. मी सलाम मारला. तो सॅल्यूट शब्दाला दोन ल लावतो, हे मी अजून त्याला सांगितलेलं नाही. एवढं जाड चिलखत अंगात नाही.