वसुलीभाऊ

वसुलीभाऊंना तुम्ही ओळखता. तुमच्याकडे ते बँकेतून निवृत्त झाले असतील, आमच्या खापरखेड्यात ते औष्णिक वीज केंद्रातून झाले, फरक एवढाच. मनगटावर काळं घड्याळ, पायात पांढरे बूट, आणि बुटांच्या जरा पुढे चालणारं पोट. सकाळी तासभर फिरतात. फिरून झाल्यावर जे करतात, त्यासाठीच फिरतात असं वहिनींचं मत आहे.

परवा चौकातल्या ठेल्यावर गाठ पडली. मी मुकाट्याने चहा पीत होतो. भाऊ घामाघूम होऊन आले, मनगट वर केलं, घड्याळ वाचलं आणि जाहीर केलं, "412!" मग ठेलेवाल्याकडे वळून, "एक पोहे, तर्री जास्त मार. आणि एक समोसा, तोही तर्रीत."

"भाऊ, वजन कमी करून राहिले होते नं तुम्ही?"

"करूनच राहिलो नं बावा. 412 जाळल्या. हे काही मी खाऊन नाही राहिलो, वसुली करून राहिलो."

हे वाक्य आमच्या कॉलनीत लहान पोरांनाही पाठ आहे. क्रिकेट खेळून आलेली पोरं आईकडे लाडू मागताना तेच म्हणतात. भाऊंचं खरं नाव आता फक्त पेन्शनच्या कागदावर उरलंय.

या माणसाला कॅलरी शिकवायला जाऊ नका. तुम्हीआम्ही कॅलरी हा शब्द बिस्किटाच्या पुड्यावर वाचला. भाऊंनी त्याच्यावर नोकरी काढली. 210 मेगावॅटचे चार संच आणि 500 चा एक, मिळून 1340 मेगावॅट, हा पाढा ते झोपेतही म्हणतात. पहिला संच 1989 साली सुरू झाला तेव्हा ते तिथे पोरगेलेसे होते. नंतर बरीच वर्षं त्यांचं काम एकच: कोळशातून किती किलोकॅलरी आत गेल्या, वीज किती बाहेर पडली, आणि मधल्या कुठे गेल्या ते शोधायचं. एक युनिट वीज म्हणजे 860 किलोकॅलरी. पण जुन्या संचात ते एक युनिट काढायला अडीच हजाराच्या आसपास जाळाव्या लागतात. बाकीच्या चिमणीतून, नाहीतर कूलिंग टॉवरमधून हवेत. त्यांनीच एकदा मला सांगितलं होतं की दिवसाला दोन हजार कॅलरी खाणारा माणूस म्हणजे चोवीस तास पेटलेला शंभर वॉटचा बल्ब. मी घरी जाऊन गुणाकार केला. बरोबर निघाला. तेव्हापासून मी त्यांच्याशी गणितात वाद घालत नाही, फक्त तत्त्वात घालतो.

तत्त्व त्यांचं सरळ आहे. बॉयलरमध्ये कोळसा जाळला तर कोळसा टाकावा लागतो. नाही टाकला तर संच ट्रिप होतो. "आता मी ट्रिप झालो तं तू उचलून नेशील का मले?" ब्याऐंशी किलोंकडे पाहून मी गप्प बसतो.

वहिनी मात्र गप्प बसत नाहीत. "कोळसा जाळला की राख उरते म्हणता नं? तिसऱ्या हिश्श्याहून जास्त राखच असते म्हणता आपल्या कोळशात?" असं म्हणून त्यांनी भाऊंच्या पोटाकडे बोट दाखवलं, "हा बघा वारेगावचा राख तलाव."

त्या दिवशी भाऊंनी हसण्यात किती जळाल्या ते पाहिलं. मी चेष्टा नाही करत. हसले, थांबले, मनगट वर केलं.

वसुलीचे प्रसंग सांगायला बसलो तर अंक पुरणार नाही. नवरात्रात कोराडीच्या जगदंबेला पायी गेले, उपास होता, म्हणून वसुली साबुदाण्यात झाली, उसळीच्या दोन प्लेटा, वर दही, आणि "देवीच्या वाटेवरच्या कॅलरी, त्यात दलाली नाही." पुतण्याच्या वरातीत बँडसमोर असे नाचले की नवरदेव घोड्यावरून बघत राहिला; आम्हाला वाटलं आनंद झालाय, पण जेवणात जिलेबीच्या काउंटरवर उभे राहून त्यांनी एकेका गाण्याच्या नावाने एकेक उचलली. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की त्यांचा वेगळाच दावा असतो: नुसतं घराबाहेर उभं राहिलं तरी जळतात. फिरायच्या आधी आणि नंतर वजन करतात, काटा पाऊण किलो खाली आला की पत्ते जिंकल्यासारखे बघतात. घामात पाणी जातं भाऊ, चरबी नाही, असं मी म्हटलं. "मग पाण्याची वसुली," म्हणाले आणि उसाच्या रसाचे दोन ग्लास प्याले.

कुठूनतरी त्यांनी वाचलं की अन्न पचवायलाही शरीर ऊर्जा खर्च करतं, खाल्लेल्याच्या साधारण दहा टक्के. हे खरं आहे, आणि ते त्यांना कळायला नको होतं. तेव्हापासून अडीचशे कॅलरींचा समोसा त्यांना सव्वादोनशेला पडतो. "होलसेल."

मी एकदा तयारीनिशी गेलो. म्हटलं, भाऊ, अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाने 2017 साली मनगटावरची सात यंत्रं तपासली. हृदयाचे ठोके बहुतेक सगळी बरोबर मोजत होती. कॅलरी मात्र एकालाही धड मोजता आल्या नाहीत; सगळ्यात चांगलं निघालं तेही सरासरी 27 टक्क्यांनी चुकत होतं. भाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे माझं 27 टक्के कमीच दाखवत असंल." आणि त्या दिवशीच्या वसुलीत एक आलूबोंडा वाढला.

मग मी आफ्रिकेत गेलो. टांझानियातले हाड्झा लोक अजून शिकार करून, कंदमुळं खणून जगतात. हर्मन पाँट्झर नावाच्या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्यांचा रोजचा ऊर्जाखर्च मोजला, 2012 मध्ये छापला. माणसं आपल्यापेक्षा कितीतरी जास्त चालतात, पण शरीराचं आकारमान धरून हिशेब केला तर दिवसाचा एकूण खर्च खुर्चीत बसणाऱ्या पाश्चात्त्य माणसाइतकाच. एकीकडे जास्त खर्च झाला की शरीर दुसरीकडे हात आखडतं, असं त्यांचं म्हणणं. भाऊ बराच वेळ विचारात पडले. "त्यांच्याकडे तर्री नसंल," एवढंच म्हणाले.

शेवटी मी त्यांच्याच भाषेत बोललो. "भाऊ, ते 412 ग्रॉस आहे नं?"

"हो."

"मग ऑक्झिलरी वजा करा."

वीज केंद्र जेवढी वीज बनवतं त्यातली थोडी स्वतःच्याच पंपांना, पंख्यांना लागते. ती वजा केल्याशिवाय जाळ्यात किती गेली ते सांगणाऱ्याला भाऊंनी नोकरीत उभं केलं नसतं. तासभर नुसतं खाटेवर पडून राहिले असते तरी ब्याऐंशी किलोंच्या देहाला ऐंशीएक कॅलरी लागल्याच असत्या. त्या चालण्याच्या नावावर कशा? बरं, त्यांच्या चालीने तासभर चाललं तर पुस्तकी हिशेबाने एकूण येतात 287 च्या आसपास. ऐंशी वजा केल्या की उरल्या दोनशे. घड्याळाच्या निम्म्या. आणि वर ज्या डॉक्टरीणबाईंनी रोजच्या पंधराशे कॅलरींचा कागद दिला, त्यांनी त्यातच "रोज एक तास चालणे" धरलेलं होतं. म्हणजे चालणं एकदा कागदात वसूल, परत ठेल्यावर वसूल. त्या दोनशे सोडून दिल्या असत्या तर अडतीसेक दिवसांत 7,700 होतात, आणि एक किलो चरबीचा भाव साधारण तेवढाच आहे. निदान कागदावर.

भाऊंनी खिशातून पेन काढलं, ठेल्यावरच्या पेपरच्या तुकड्यावर सगळं मांडलं, दोनदा तपासलं. बरोबर होतं. कागदाची घडी घातली. मला वाटलं, जिंकलो.

"तू ऑडिटमध्ये पाहिजे होता," म्हणाले. मग त्याच कागदावर समोसा ठेवून खाल्ला.

त्याच ठेल्यावर एकदा एक कंत्राटी मजूर आला. कोळशाने काळा, डोळे तेवढे पांढरे. रात्रपाळी करून आलेला असावा. पोह्यांच्या दोन प्लेटा उभ्याउभ्या संपवल्या, तिसरी मागितली. भाऊ त्याच्याकडे कौतुकाने बघत होते. न राहवून विचारलं, "तुमचं किती झालं आज?"

"तीन प्लेटांचे साठ," तो म्हणाला आणि घाईने खिसा चाचपू लागला.

त्याच्या मनगटाला लाल दोरा होता. ज्याने खरंच वसूल करावं, नाही केलं तर आजारी पडेल, असा माणूस त्या ठेल्यावर तोच. रात्रभर फावडं मारणाऱ्याला, शेतात निंदणाऱ्या बाईला, मॅरेथॉनची तयारी करणाऱ्या पोरीला जाळलेलं परत खावंच लागतं, त्यात चर्चा नाही. चर्चा आमच्यासारख्यांची. आम्ही साखर वाढली म्हणून चालतो आणि चाललो म्हणून साखर खातो. त्या दिवशी त्या मजुराचे साठ रुपये भाऊंनी दिले. "माझ्या वसुलीत धर," असं ठेलेवाल्याला म्हणाले आणि स्वतःचे पोहे न घेताच घरी गेले. याची वाच्यता त्यांनी कुठे केली नाही, त्यामुळे मलाही करायला नको होती. पण एवढी चेष्टा केल्यावर तेवढं देणं लागतो.

आणखी एक. त्यांचा एक जुना शिफ्टमधला सोबती गेला. कन्हानच्या घाटापर्यंत भाऊ चालत आले, वाटेत सवयीने मनगट वर केलं, आणि लगेच बाही खाली ओढून घेतली. परतताना सगळे चहाला थांबले. त्यांच्यापुढे चहासोबत कचोरीही आली. त्यांनी ती बाजूला सारली. मी पाहिलं तर म्हणाले, "आजचं त्याच्या नावावर."

ते घड्याळ मुलीने पाठवलंय. ती पुण्याला असते, आयटीत. घड्याळातला आकडा तिच्या फोनवर जातो, आणि रात्री नऊला तिचा फोन येतो: बाबा, आज साडेतीन हजारच पावलं? बरं नाही का? कॉलनीतल्या बऱ्याच घरांत आता दोघंच राहतात. त्यांच्या बातम्या पोरांना असल्या आकड्यांमधूनच कळतात. भाऊ रात्री जेवल्यावर गच्चीवर येरझारा घालतात ते वजनासाठी, असं मी बरीच वर्षं समजत होतो. ते फोन यायच्या आत आकडा भरून काढतात.

गेल्या पावसाळ्यात त्यांना ताप भरला. संध्याकाळी मला बोलावणं आलं. खाटेवर शाल पांघरून बसले होते. घड्याळ काढून माझ्या हातात दिलं.

"दोन राऊंड मारून ये बावा. पोरगी घाबरते. उद्या पहाटेच्या गाडीत बसंल ती."

मी ते मनगटावर बांधलं आणि कॉलनीला फेऱ्या घातल्या. पाऊस भुरभुरत होता. ओळखीची माणसं विचारत होती, तुम्हीपण सुरू केलं का? काय सांगणार. परत आलो तर वहिनींनी पोहे केले होते, वर तर्री घातलेले, घरचे. माझ्यापुढे ठेवले. भाऊंच्या पुढे मुगाची खिचडी.

"मी जेवून आलोय भाऊ."

"चालला तू, वसुली तुझी," ते म्हणाले. "त्यात माझा हिस्सा नाही."

नऊ वाजता फोन आला. साडेसहा हजार. पोरगी खूश झाली. भाऊ तिला म्हणाले, पाऊस होता तरी गेलो.

आता ते ठणठणीत आहेत. वजन ब्याऐंशीच आहे. सकाळी साडेपाचला माझ्या फाटकाशी उभे राहून हाका मारतात, कारण मलाही आता डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, आणि त्या हाकेने अर्धी कॉलनी उठते. उठलेल्यांपैकी काहीजण चालायलाही लागले.

तुमच्याकडच्या वसुलीभाऊंना एवढं सांगा: घड्याळ दाखवील त्याच्या निम्मंच धरा, आणि डॉक्टरांच्या कागदात चालणं आधीच लिहिलेलं असेल तर तेही धरू नका. आमच्या भाऊंना मात्र कोणी सांगू नका, निदान माझ्या नावाने तरी. मला त्या घरी येणंजाणं ठेवायचंय.